लाट कोणी निवडली?

पत्र : माझे वय 47 आहे. पुढच्या महिन्यात आम्ही चौघे आठ दिवसांसाठी उष्ण कटिबंधातील एका बेटावर सुटीला जात आहोत. सर्फिंग शिकावे ही माझी फार जुनी इच्छा आहे. हॉटेलमार्फत दोन तासांचा सामूहिक वर्ग मिळतो आणि जवळजवळ तिप्पट पैशांत एकटीसाठी स्वतंत्र प्रशिक्षकही मिळतो. घरच्यांचे म्हणणे असे की एका दिवसाच्या हौसेसाठी एवढा खर्च कशाला, शेवटच्या दिवशी सगळ्यांबरोबर वर्गालाच जावे. तलावात मी न थांबता 500 मीटर पोहते, पण समुद्रात कमरेच्या वरच्या पाण्यात कधी गेलेली नाही. चष्म्याचा नंबर उणे चार आहे. पाच वर्षांपूर्वी कंबरदुखीने महिनाभर अंथरुणावर होते. अशा स्थितीत हा हट्ट धरावा का, आणि एकटीने शिकवणी घेण्यात खरोखर काही अर्थ आहे का?

उत्तर : हट्ट जरूर धरा आणि शिकवणी एकटीसाठीच घ्या. तलावात 500 मीटर सलग पोहणाऱ्या व्यक्तीला पहिल्या धड्यापुरते पोहणे निश्चित येते, कारण तो धडा कमरेएवढ्या, फार तर छातीएवढ्या पाण्यात होतो. वयाची अडचण मला वाटत नाही. या वयात खांदे लवकर भरून येतात, तेव्हा मधूनमधून थांबावे लागते, इतकेच. घरच्यांच्या सूचनेतली एक गोष्ट मात्र मला अजिबात मान्य नाही, ती म्हणजे शेवटचा दिवस. त्याविषयी सविस्तर लिहिते, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

माझा पहिला धडा मी सुटीच्या शेवटच्या सकाळी घेतला होता. प्रशिक्षक एकट्या माझ्यासाठी होता, स्वभावाने मनमिळाऊ होता, आणि दीड तासात मी सात वेळा बोर्डावर उभी राहिले. आपल्याला सर्फिंग जमते, अशी खात्री घेऊनच मी परतले. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका किनाऱ्यावर तशाच मापाचा बोर्ड भाड्याने घेऊन जीवरक्षकांच्या नजरेसमोर उथळ पाण्यात उतरले, तेव्हा दोन तासांत एकही लाट माझ्या हाती लागली नाही. मी वल्हवू लागेपर्यंत लाट खालून निघून जायची, नाहीतर माझ्या आधीच फुटून मला उलथवून टाकायची. त्या दिवशी माझ्या ध्यानात आले की आदल्या वर्षीच्या सातही लाटा प्रशिक्षकाने निवडल्या होत्या, बोर्ड त्याने वळवून धरला होता, नेमक्या क्षणी मागून ढकललेही त्यानेच होते. माझ्याकडे फक्त उभे राहण्याचे काम उरले होते. शेवटचा दिवस असल्यामुळे त्याच किनाऱ्यावर, त्याच माणसाच्या देखरेखीखाली पुन्हा उतरून ही उणीव भरून काढण्याची संधीही मला मिळाली नाही.

बोर्ड ढकलून देण्यात गैर काही नाही, हे आधी स्पष्ट करते. समुद्रातून येणारी लाट किनाऱ्याजवळ, पाण्याची खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वा ते दीडपट उरली की फुटते, आणि फुटण्याच्या सुमारास तिच्यावर स्वार व्हायचे तर बोर्डाला आधीच बऱ्यापैकी वेग असावा लागतो. नवशिक्याच्या हातांत तो वेग देण्याची ताकद आणि लय दोन्ही नसते. म्हणून पहिला तासभर प्रशिक्षक तुम्हाला ढकलणार आणि त्याने ढकललेच पाहिजे, नाहीतर उभे राहण्याचा सराव होणारच नाही. परंतु लाट ओळखणे, वेळेवर बोर्डाचे तोंड किनाऱ्याकडे वळवणे आणि वल्हवून वेग घेणे या तीन गोष्टी सर्फिंगचा मोठा भाग आहेत, उभे राहणे त्यांच्यानंतर येते. सामूहिक वर्गात या तीन गोष्टींना वेळच उरत नाही, कारण एका प्रशिक्षकाला सहा-आठ जणांना आळीपाळीने ढकलायचे असते. स्वतंत्र शिकवणीत त्यासाठी वेळ काढता येतो, पण तो मागून घ्यावा लागतो. बहुतेक पाहुण्यांना उभे राहिल्याचे छायाचित्र हवे असते आणि प्रशिक्षकही ते मिळवून देण्याच्या घाईत असतात. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वीच सांगून ठेवा की शेवटचा अर्धा तास मला ढकलू नका, बाजूला उभे राहून फक्त सांगा.

जादा पैशांचे दुसरे मोल वेळेत आहे. हॉटेलचा वर्ग ठरलेल्या घटकेला सुरू होतो आणि समुद्र त्या घटकेची वाट पाहत थांबत नाही. शाळेत शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे उपयोगी पडतात. पहाटे जमीन पाण्यापेक्षा थंड असते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो आणि लाटांचे अंग गुळगुळीत राहते. दिवस चढला, जमीन तापली की वारा समुद्राकडून येऊ लागतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि लाटा वेड्यावाकड्या फुटतात. मोठे व्यापारी वारे सतत वाहत असलेल्या किनाऱ्यांवर हे चक्र झाकले जाते, तरीही सकाळ बहुधा बरी असते. भरती-ओहोटीचा हिशेब मात्र प्रत्येक किनाऱ्याचा निराळा असतो. एखाद्या ठिकाणी भरतीत लाटा अगदी किनाऱ्यावर येऊन आपटतात आणि शिकणे अशक्य होते, तर दुसरीकडे ओहोटीत खडक वर येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक अधिकच वाढतो. तिथे रोज उतरणाऱ्या माणसाला हे सारे पाठ असते. एकट्या तुमच्यासाठी येणारा प्रशिक्षक ‘उद्या सातला या, आज नको’ असे म्हणू शकतो. वर्ग घेणाऱ्याला ते सहसा शक्य नसते.

म्हणूनच हॉटेलच्या खिडकीवर नाव नोंदवून मोकळे होऊ नका. पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी किनाऱ्यावर चक्कर मारा, प्रशिक्षकाला प्रत्यक्ष भेटा आणि त्याने तुम्हाला काय विचारले याकडे लक्ष द्या. पोहता येते का, जुने दुखणे आहे का, चष्मा आहे का, याआधी लाटांमध्ये गेला आहात का, हे ज्याने आपण होऊन विचारले, तो निम्म्याहून अधिक पारखला गेला असे समजा. तुम्हीही त्याला विचारा की तळ वाळूचा आहे की प्रवाळाचा. उष्ण कटिबंधात प्रवाळावर फुटणाऱ्या लाटा फार देखण्या असतात, पण तुमचा पहिला धडा वाळूवरच व्हायला हवा, कारण तुम्ही वीस-तीस वेळा पडणार आहात, आणि प्रवाळाची जखम चिघळण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. जीवरक्षणाचे आणि प्रथमोपचाराचे चालू प्रमाणपत्र आहे का, हे निःसंकोचपणे विचारा. इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशन ही 1964 मध्ये स्थापन झालेली जागतिक संघटना प्रशिक्षकांना प्रमाणपत्रे देते, शिवाय अनेक देशांच्या स्वतःच्या संघटनाही आहेत. चांगल्या प्रशिक्षकाला कागद दाखवायला कमीपणा वाटत नाही. नोंदणी केलेला माणूसच पाण्यात येणार की ऐन वेळी दुसरा कोणी, आणि समुद्र खवळलेला असेल तर दिवस बदलून मिळेल का, हेही ठरवून घ्या. ‘पहिल्या तासात उभे करण्याची हमी’ देणाऱ्याकडे मी स्वतः जाणार नाही, कारण ती हमी ढकलण्याच्या जोरावरच दिलेली असते.

बोर्ड मऊ फोमचा, आठ ते नऊ फूट लांब आणि चांगला रुंद असावा. लहान, टोकदार, कडक बोर्ड दिसायला आकर्षक असतो, पण नवशिक्याखाली तो स्थिर राहत नाही आणि लागला तर जबर लागतो. बोर्डाला जोडलेली दोरी, म्हणजे लीश, मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची असते. ती हाताला किंवा बोटांना कधीही गुंडाळू नये. मागचा पाय कोणता, हे कोणीतरी न सांगता मागून हलकेच ढकलले तर आपोआप कळते. तोल सावरण्यासाठी जो पाय पुढे पडतो, तो बहुधा बोर्डावरही पुढे राहतो.

आता कंबर. हा भाग कृपया दोनदा वाचा. सर्फिंग पहिल्यांदाच करणाऱ्यांमध्ये क्वचित आढळणारी मज्जारज्जूची एक इजा आहे, तिचे वर्णन 2004 मध्ये हवाईतील डॉक्टरांनी प्रथम केले. इंग्रजी नावावरून तिला सर्फर्स मायलोपॅथी म्हणतात. पडल्याने किंवा मार लागल्याने ती होत नाही. बोर्डावर पालथे पडून, पाठ मागे वाकवून, मान वर धरून बराच वेळ राहिल्यामुळे मज्जारज्जूचा रक्तपुरवठा खंडित होत असावा, असे तिचे कारण मानले जाते. सुरुवात पाठीच्या अचानक दुखण्याने होते, नंतर पायांत मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा येतो, कधी लघवी होत नाही. अनेक रुग्ण धडधाकट तरुण होते, म्हणजे तुमच्या जुन्या कंबरदुखीचा तिच्याशी संबंध असेलच असे नाही. पण दोन्ही गोष्टी आपल्या डॉक्टरांसमोर मांडून त्यांची संमती घेतल्याशिवाय नोंदणी करू नका. पाण्यात असताना दोन लाटांच्या मधल्या वेळात पालथे पडून राहू नका, बोर्डावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसा किंवा उथळ पाण्यात उभ्या राहा. आधी आणि मध्ये भरपूर पाणी प्या. पाठीत वेगळीच कळ आली किंवा पाय जड वाटले, तर ‘एवढी एक लाट’ असे न म्हणता त्याच क्षणी बाहेर या आणि थेट रुग्णालय गाठा. हे फार दुर्मीळ आहे आणि तुम्हाला घाबरवण्याचा माझा हेतू नाही, परंतु ज्या प्रशिक्षकाला या इजेचे नावही ठाऊक नाही, असा भेटण्याची शक्यता आहे, म्हणून तुम्हाला ते ठाऊक असलेच पाहिजे.

डॉक्टरांनी होकार दिला तर जाण्यापूर्वीचे तीन आठवडे घरीच सराव करा. चटईवर पालथे झोपा, तळवे भुजंगासनाप्रमाणे छातीच्या बाजूला टेकवा, आणि पाठ फार न वाकवता एका झटक्यात दोन्ही पाय पोटाखाली आणून आडव्या पावलांनी, गुडघे वाकवून उभ्या राहा. रोज दहा वेळा पुरे. बोर्डाच्या कडा मुठीत धरून उठण्याची सवय लागू देऊ नका, कारण त्या धरल्या की बोर्ड डोलतो. आणि गुडघ्यांवर थांबून मग उठण्याची सवय तर अजिबात नको, ती पुढे सुटता सुटत नाही. नजर समोरच्या भिंतीवर ठेवा. पाण्यातही पायांकडे पाहिले की माणूस पायांकडेच पडतो, हे तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत अनुभवाला येईल.

चष्म्याविषयी तुम्ही लिहिले ते फार बरे केले. उणे चार नंबरला चष्म्याशिवाय येणारी लाट आणि प्रशिक्षकाची खूण दोन्ही धूसर दिसतात. एकदाच वापरून टाकून देण्याच्या कॉन्टॅक्ट लेन्स नेत्रतज्ज्ञांना विचारून घ्या, पडताना डोळे घट्ट मिटा आणि बाहेर आल्याबरोबर त्या काढून टाका, कारण समुद्राचे पाणी लागलेल्या लेन्स डोळ्यात ठेवल्याने संसर्ग होऊ शकतो. लेन्स वाहून जाऊ शकते, तेव्हा एक जादा जोड किनाऱ्यावर असू द्या. प्रशिक्षकाला सांगून ठेवा की खुणा करू नका, मोठ्याने बोला. सात-आठ जणांच्या गर्दीत हे कोणी तुमच्यासाठी करू शकत नाही, आणि तुमच्या बाबतीत एकटीच्या शिकवणीचा मला पटलेला हा सर्वांत साधा लाभ आहे.

पत्रातली मला सर्वाधिक महत्त्वाची वाटलेली ओळ मात्र समुद्रात कमरेच्या वर न गेल्याची आहे. तलावाचे पाणी जागचे हलत नाही, समुद्राचे पाणी सतत कुठेतरी निघालेले असते. म्हणून पहिल्या दिवशी बोर्डाशिवाय, पोहण्याची राखलेली जागा दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, जीवरक्षकाच्या समोर कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास काढा. लाट अंगावर आली की तिच्याकडे कुशीने उभे राहावे, मोठी असेल तर श्वास धरून तिच्याखाली बुडी मारावी, हे शरीराला कळू द्या. किनाऱ्यावर लाटांनी ढकललेले पाणी परत समुद्रात जाण्यासाठी वाट शोधते आणि ती वाट चिंचोळी असेल तर तिथे जोराचा प्रवाह तयार होतो, त्याला रिप करंट म्हणतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा गडद व शांत दिसतो. नवखा माणूस तो शांतपणा पाहून नेमका तिथेच उतरतो. प्रशिक्षकाला पहिला प्रश्न हाच विचारा की आज इथे पाण्याची ओढ कुठे आहे, आणि त्याने ती बोट दाखवून दाखवली पाहिजे. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, बोर्ड सोडू नका, त्यावर पडून एक हात उंच करा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर वल्हवा.

बोर्ड हा त्या वेळी तुमचा तराफा असतो. ड्यूक कहानामोकू या हवाईयन जलतरणपटूने 1912 आणि 1920 च्या ऑलिम्पिकमध्ये 100 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले आणि सर्फिंगला हवाईबाहेर नेले. 1925 मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीचजवळ एक बोट उलटली, तेव्हा त्याने आपल्या सर्फबोर्डावर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून आठ जणांना जिवंत बाहेर काढले. ते बोर्ड लाकडी आणि अतिशय जड होते. तुमचा फोमचा बोर्ड तुम्हाला सहज तरंगत ठेवेल, म्हणून घाबरून लीश सोडून पोहत निघण्याची चूक कधीही करू नका.

पण तोच बोर्ड लाटेत मोकळा सुटला की मारतोही, आणि नवशिक्यांच्या जखमांमागे बरेचदा स्वतःचाच बोर्ड असतो. पाण्यात उभे असताना येणारी लाट आणि तुम्ही यांच्यामध्ये तो आडवा धरू नका, बाजूला धरा. पडताना उडी मारू नका, डोके खाली करून तर कधीच नाही. बोर्डापासून लांब, अंग पसरून, पाठीवर किंवा कुशीवर पडा, म्हणजे उथळ पाण्यात तळाला मार बसत नाही. वर येताना दोन्ही हात डोक्यावर घ्या. हे पडणे प्रशिक्षकाने वाळूवर शिकवल्याशिवाय पाण्यात जाऊ नका.

उन्हाबद्दल थोडक्यात सांगते. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा सदरा घाला, तो उन्हापासूनही वाचवतो आणि बोर्डावर पोट घासून निघत नाही. चेहरा, मान, गुडघ्यांची मागची बाजू आणि पोटऱ्या यांना झिंक ऑक्साइडचे मलम लावा. प्रवाळाला घातक मानल्या गेलेल्या ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या मलमांच्या विक्रीवर हवाईने 2021 पासून बंदी घातली आहे. आपण जिथे जाऊ तिथे ती नसली तरी तशी मलमे टाळणे योग्य आहे. प्रवास विम्याच्या कागदात सर्फिंग साहसी खेळ म्हणून वगळलेले नाही ना, तेही निघण्यापूर्वी वाचून घ्या.

शेवटी खर्चाचे. दोन तासांच्या एका धड्याऐवजी दीड तासाचा एक आणि मध्ये एक दिवस सोडून एक तासाचा दुसरा, असे ठरवा आणि पहिला सुटीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या सकाळी घ्या. दीड तासानंतर खांदे दमतात आणि दमलेल्या हातांनी शिकलेले अंगवळणी पडत नाही. मधल्या दिवशी अंगदुखीही कमी होते. एवढा खर्च जड वाटत असेल तर घरातल्या नवशिक्याच असलेल्या एकाला बरोबर घेऊन दोघांत एक प्रशिक्षक घ्या. एक जण लाटेवर असताना दुसरा दम घेतो आणि पाहून शिकतो, म्हणून यात फारसे काही गमवावे लागत नाही. तिसरा माणूस मात्र नको.

पहिल्या धड्यात फुटून गेलेल्या लाटेच्या गुडघाभर उंचीच्या फेसावर पोटावर पडून किनाऱ्यापर्यंत येण्याचा मनसोक्त सराव करा, त्याला कमी लेखू नका. बोर्डावर किती पुढे पडले की टोक पाण्यात घुसते आणि किती मागे पडले की लाट सोडून जाते, हे तिथेच कळते. उभे राहणे त्यानंतर सुरू करा. आणि दुसऱ्या धड्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात, प्रशिक्षक हातभर अंतरावर पण बोर्डाला न शिवता उभा असताना, एक लाट पूर्णपणे तुमची तुम्ही घ्या. पाच सोडून द्याव्या लागल्या तरी हरकत नाही. त्या लाटेवर उभे राहता आले नाही आणि पोटावरच वाळूपर्यंत आलात तरी चालेल, पण ती लाट तुम्ही कशावरून निवडली, ते परत आल्यावर मला जरूर लिहा.